पाठमोरं बाळ

बाळंतपणाची रजा संपायला आठ दिवस उरले तेव्हा भाचीने बाळाला गाडीत बांधून बसवायची कार सीट मागवली. स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडीशेजारीच खोकं फोडलं आणि पहिला प्रश्न आला, "मावशी, पुढेच लावू या ना? माझ्या डाव्या हाताला राहील. दिसेल, रडली तर चोखणीही देता येईल."

ती राहते ठाण्यात मानपाड्याला. तिची आई, म्हणजे माझी बहीण, नवी मुंबईत ऐरोलीला, ऑफिसही ऐरोलीतच. रोज सकाळी कापूरबावडी, माजिवडा, कळवा, विटावा, दिघा करत सहा महिन्यांच्या लेकीला आजीकडे सोडायचं आणि पुढे कामावर जायचं. गाडीत तिसरं माणूस नाही. अशा वेळी बाळ नजरेसमोर असावं असं कोणत्याही आईला वाटणारच.

मी तिला डाव्या बाजूचा सन व्हायझर खाली ओढायला सांगितलं. त्यावर एक स्टिकर असतो: पाठमोऱ्या, म्हणजे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असलेल्या सीटमधलं बाळ, समोर फुगलेली एअरबॅग आणि त्यावर लाल फुली. "हे इथे होतं?" ती म्हणाली. तीन वर्षं त्याच व्हायझरच्या आरशात बघून कुंकू सारखं केलेलं.

पुढची एअरबॅग मोठ्या माणसाच्या मापाने बनवलेली असते. धडक बसली की ती पापणी लवायच्या आत, सेकंदाच्या साधारण विसाव्या-तिसाव्या भागात फुगते आणि ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगाने डॅशबोर्डमधून बाहेर येते. पाठमोरी सीट पुढे लावली, तर तिची पाठ डॅशबोर्डपासून जेमतेम वीतभर राहते. आणि त्या पाठीला टेकलेलं काय असतं? बाळाचं डोकं. अमेरिकेत 1990 च्या दशकात असे मृत्यू झाले, तेव्हा कुठे जगभर हे स्टिकर लागले. आपल्याकडे 2021 पासून नव्या मॉडेलना चालकाशेजारीही एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे हा प्रश्न आता आपलाही आहे. ती बंद करायचं बटण काही गाड्यांत असतं, भाचीच्या गाडीत नव्हतं. असतं तरी मी मागेच बसवलं असतं.

"मग निदान तोंड पुढे करून बसवू. आता तिने मान धरलीय की."

बाळाने मान धरली की घरात सगळ्यांनाच हायसं वाटतं, पण मान धरतात ते स्नायू. आतली हाडं अजून तयार व्हायची असतात. तान्ह्या बाळाच्या मानेतला जवळपास प्रत्येक मणका तीन तुकड्यांत असतो आणि ते तुकडे मऊ, लवचीक कूर्चेने जोडलेले असतात. पूर्ण जुळायला वयाची तीन ते सहा वर्षं लागतात. त्या मानेवर डोकं केवढं, तर जन्मतः उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढं. आपलं असतं साधारण आठव्या हिश्शाएवढं. धडकेत धड पट्ट्याने जागीच राहतं आणि डोकं पुढे झेपावतं. कण्याचे कूर्चेचे सांधे काही सेंटिमीटर ताणले जाऊ शकतात, आतला मज्जारज्जू मात्र काही मिलिमीटरच सहन करतो. बाहेरून खरचटलेलंही दिसत नाही आणि आत दोरी तुटलेली असते.

पाठमोऱ्या सीटमध्ये तोच धक्का डोकं, मान आणि पाठ यांवर एकदम पसरतो. बाळ सीटच्या पाठीत दाबलं जातं, मान धडाबरोबरच जाते. ही युक्ती स्वीडनमधले डॉक्टर बर्टिल आल्डमन यांची. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाचा दाब पाठीवर झेलण्यासाठी आडवे बसवलेले त्यांनी पाहिले आणि 1964 मध्ये मुलांसाठी पहिली पाठमोरी सीट तयार केली. म्हणजे ऐरोलीला निघालेली आमची सहा महिन्यांची पोर अंतराळवीराच्या पद्धतीने बसते. स्वीडनमध्ये मुलं चार वर्षांची होईपर्यंत अशीच बसतात. आपल्याकडे वर्ष झालं की लोक सीट फिरवतात. कारण विचारलं तर उत्तर येतं, पाय दुमडतात बिचारीचे. दुमडू देत.

एवढ्यात वॉचमनकाका आले. "ताई, कशाला एवढी खटपट? एखादी बाई ठेवा, मांडीवर घेऊन बसेल." मी त्यांना गणित करून दाखवलं. गाडी ताशी 50 किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 7 किलोचं बाळ धरून ठेवायला सुमारे 100 किलो वजन पेलण्याएवढा जोर लागतो. तोही अचानक, पूर्वसूचना न देता. काकांनी गव्हाचं पोतं आठवून मान हलवली. कायद्यातही हे आहे: 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 194ब प्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर 1000 रुपये दंड. तो भरलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, ते सोडा.

मागे बसवायचं ठरलं, पण मागे कुठे? शुद्ध विज्ञान म्हणतं, मधोमध. धडक डावीकडून येवो की उजवीकडून, मधली जागा दोन्ही दारांपासून सारखीच लांब. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात मागे मधोमध बसलेल्या तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना कडेला बसलेल्यांपेक्षा इजेचा धोका 43 टक्क्यांनी कमी आढळला. मी हा आकडा तोंडपाठ करून आले होते. पण गाडीत डोकावले तर मध्ये फक्त कमरेचा पट्टा आणि गादीला उंचवटा. सीटच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं, तीन बिंदूंचा, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा पट्टा किंवा आयसोफिक्स, म्हणजे गाडीतच बसवलेल्या कड्यांत सीट अडकवायची सोय. आणि आयसोफिक्सच्या कड्या आपल्या बहुतेक गाड्यांत असतात फक्त मागच्या दोन कडांना, गादी आणि पाठ यांच्या फटीत लपलेल्या. मधोमध डगमगणाऱ्या सीटपेक्षा कडेला घट्ट बसलेली सीट केव्हाही बरी. 43 टक्के तिथेच सोडले.

राहिल्या दोन कडा. चालकाच्या मागे, म्हणजे उजवीकडे, बसवलं तर आपल्याच सीटमुळे पायांची जागा चेपते. पाठमोरी सीट लांब असते, त्यामुळे छोट्या गाडीत चालकाला स्टिअरिंगला चिकटून बसावं लागतं आणि तेही धोक्याचंच. शिवाय बाळ काढायला वाहत्या रस्त्याच्या बाजूचं दार उघडायचं. घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर सकाळी साडेआठला ते करून बघावं, उलट दिशेने येणारा डिलिव्हरीवालाही त्याच बाजूने येतो. डावीकडे फूटपाथ असतो, निदान असायला हवा. आणि एकट्याने गाडी चालवण्याचा एक फायदा इथे मिळतो: पुढची डावी सीट रिकामी असते, ती हवी तेवढी पुढे सरकवता येते. मागे भरपूर जागा झाली. चालकाच्या कर्णरेषेत असल्यामुळे सिग्नलला थांबल्यावर मान थोडी वळवून सीटच्या कडेने बाळाचे पाय दिसतात, तेही पुष्कळ.

डावीकडचा तोटा आम्हाला दुसऱ्या दिवशी कळला. ठाण्याहून ऐरोलीला जाताना तोंड दक्षिणेला, डावा हात पूर्वेला, सकाळचं ऊन सरळ बाळावर. संध्याकाळी परतताना तोंड उत्तरेला, डावा हात पश्चिमेला, पुन्हा ऊन बाळावरच! काचेला जाळीचा पडदा लावला आणि सीटवरचं छत ओढलं. बांधलेलं मूल उन्हापासून तोंड फिरवू शकत नाही, हे तोपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

सीट बसवताना एक गुडघा तिच्यात रोवून सगळा भार टाकायचा आणि कड्यांत अडकवलेले दांडे क्लिक होईपर्यंत ढकलायचे. मग बूड धरून हलवून बघायचं. दोन-अडीच सेंटिमीटरहून जास्त हलली तर पुन्हा. आम्हाला तीन वेळा करावं लागलं. भाचीने बाळाला पहिल्यांदा ठेवलं ते दुपट्यात छान गुंडाळून, आणि वरून पट्टे लावले. तेही सोडवलं. दुपट्याच्या घड्या धडकेत चेपतात आणि पट्टा बोटभर सैल पडतो, शिवाय मधला पट्टा दोन पायांतून यायलाच हवा. आधी पट्टे, खांद्यावर पट्ट्याचं कापड चिमटीत धरता येणार नाही इतके घट्ट. पांघरायचं ते वरून. सीटच्या बाजूला रेष असते, ती जमिनीला समांतर हवी. कल जास्त उभा झाला तर झोपेत बाळाची हनुवटी छातीवर येते आणि मऊ श्वासनलिका चेपते. म्हणूनच मुक्कामाला पोचल्यावर "झोपलीय, राहू दे सीटमध्येच" असं करू नये, आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली गाड्या तासभर अडकल्या तर पुढे जागा मिळेल तिथे थांबून बाळाला बाहेर काढावं.

आता डोळ्यांचं. मागच्या हेडरेस्टला लावायचा आरसा भाचीने सीटबरोबरच मागवला होता. मी फार उत्साह दाखवला नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने मुलांना घेऊन गाडी चालवणाऱ्या पालकांवर कॅमेरे लावून पाहिलं, तर 16 मिनिटांच्या प्रवासात त्यांचे डोळे सरासरी 3 मिनिटं 22 सेकंद रस्त्यावर नव्हते. ताशी 50 च्या वेगाने दोन सेकंद आरशात पाहिलं की गाडी 28 मीटर आंधळी जाते, ठाण्याच्या टीएमटीच्या दोन मोठ्या बस एकामागे एक लावल्या तर त्याहून जास्त. शेवटी आरसा लावला, पण हलका आणि पट्ट्याने घट्ट बांधलेला, आणि अट एकच: चाकं फिरत असताना त्यात बघायचं नाही. रडली तर? रडतेय म्हणजे श्वास घेतेय. दिघ्यापुढे पेट्रोल पंप आहे, तिथे वळायचं. उड्डाणपुलाच्या कडेला कधीच नाही.

मागे, पाठमोरी, आरशात न बघता: हे सगळं पाळलं की एक वेगळाच धोका उभा राहतो. झोपलेलं बाळ मग असून नसल्यासारखं होतं. अमेरिकेत एअरबॅगच्या भीतीने मुलं मागे गेली आणि गाडीत विसरलेली मुलं उष्म्याने दगावण्याचं प्रमाण वाढलं. तिथे आता वर्षाला सरासरी 35 हून जास्त मुलं बंद गाडीत जीव गमावतात. आपल्याला वाटतं असं कोण विसरेल? फ्लोरिडातले मेंदूतज्ज्ञ डेव्हिड डायमंड यांनी त्याचं उत्तर दिलं आहे. रोजचा रस्ता मेंदूचा सवयीचा भाग चालवतो, "आज मध्ये आजीकडे थांबायचंय" हे लक्षात ठेवतो दुसराच भाग. झोप झालेली नसली, फोन वाजत असला की सवय जिंकते आणि माणूस सरळ ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचतो. यात प्रेमाचा कमी-जास्तपणा येत नाही. आणि गाडी किती तापते? 2005 च्या एका मोजणीत उन्हात बंद ठेवलेल्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सिअसने चढलं, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात. काच थोडी खाली ठेवून विशेष फरक पडला नाही.

म्हणून भाचीचं ऑफिसचं आयकार्ड आता निघतानाच मागच्या सीटवर, बाळाच्या पायाशी टांगलेल्या पिशवीत जातं. त्याच्याशिवाय गेट उघडत नाही. आणि सव्वानऊपर्यंत नात आली नाही तर बहीण फोन करते, उचलला नाही तर पुन्हा करते. मागच्या गुरुवारी बाळ तापामुळे घरीच होतं. भाची एकटीच कामावर गेली, गाडी लावली, मागचं डावं दार उघडलं आणि रिकाम्या सीटसमोर क्षणभर तशीच उभी राहिली. मग आयकार्ड काढलं आणि वर गेली.