पाठ टेकली की डोळे उघडतात

भाची दहा आठवड्यांची होती तेव्हा मी पंधरा दिवस बहिणीकडे राहिले होते. दुपारी दीडच्या सुमारास रोज एकच प्रकार. बाळ खांद्यावर गाढ झोपलेलं, तोंड अर्धवट उघडं, मूठ सुटलेली. बहीण श्वास रोखून पाळण्यापाशी वाकायची, एक हात मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली. बाळ गादीपासून चार बोटं वर असतानाच त्याचे दोन्ही हात फाकायचे, कपाळाला आठी पडायची आणि डोळे टक्क उघडायचे. "हिच्या पाठीला बटण आहे का गं?" बहीण रडवेली होऊन विचारायची. तिचं ताट ओट्यावर झाकून ठेवलेलं असायचं.

जपानमधल्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच क्षण तपासला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २१ तान्ही बाळं होती. त्यांच्या हृदयाचे ठोके सतत नोंदवले जात होते आणि आया त्यांना कधी उचलून चालत होत्या, कधी नुसत्या धरून बसत होत्या, कधी खाली ठेवत होत्या. खाली ठेवताना एक तृतीयांशाहून जास्त बाळं वीस सेकंदांच्या आत जागी झाली. ठोक्यांच्या नोंदीत मात्र वेगळीच गोष्ट दिसली. ठोके गादीचा स्पर्श झाल्यावर वाढत नव्हते. आईच्या अंगापासून बाळाचं अंग सुटू लागलं की लगेच ते वाढू लागत. बाळाला कळते ती आईची छाती दूर गेल्याची जाणीव. गादी कितीही मऊ असली, ऊबदार असली, तरी ती नंतर येते.

जी बाळं खाली ठेवल्यावरही झोपून राहिली, ती त्याआधी सरासरी आठेक मिनिटं झोपलेली होती. जी जागी झाली, ती जेमतेम तीन मिनिटं. म्हणून या संशोधकांनी सुचवलं ते असं: रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं संथपणे, न थांबता चालावं, झोप लागली की बसून पाच ते आठ मिनिटं तसंच धरून ठेवावं, मगच खाली ठेवावं. नुसतं धरून बसल्याने रडणं थांबत नव्हतं, चालल्याने थांबत होतं. याच गटाने २०१३ साली दाखवलं होतं की उंदराची आई पिल्लाला मानगुटीला धरून उचलते तेव्हा तेही हातपाय आखडून गप्प होतं आणि त्याच्याही हृदयाचा वेग उतरतो. आई आपल्याला घेऊन निघाली आहे, आता हालचाल करायची नाही, ही समज फार जुनी आहे. आजी बाळाला खांद्यावर घेऊन ओसरीवर येरझारा घालायची, ती याच समजुतीशी बोलत होती.

पण पहिली काही मिनिटं इतकी कच्ची का? मोठ्या माणसाला आधी शांत झोप लागते आणि स्वप्नांची झोप मागाहून येते. नवजात बाळाचं उलट असतं. ते थेट चळवळ्या झोपेत शिरतं. या झोपेत पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ हलतात, श्वास कमीजास्त होतो, बोटं झटकतात. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशीच असते. झोपेत बाळ हसलं की आपल्याकडे म्हणतात, सटवाई हसवतेय. शिकागोत युजीन अॅसरिन्स्की झोपलेल्या तान्ह्या मुलांचे डोळे न्याहाळत बसायचे. डोळ्यांच्या त्या हालचालींचा माग घेत ते आणि त्यांचे गुरू नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली झोपेची ही अवस्था जगापुढे मांडली. सटवाईचं हे काम असं प्रयोगशाळेत पोचलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

बाळ झोपेत कण्हलं, हुं हुं केलं, हात उडवले म्हणजे ते उठलंच असं नाही. आपण लगबगीने उचलतो आणि झोपेतल्या बाळाला खरोखरच जागं करतो. मिनिटभर नुसतं बघावं. छातीवर तळहात ठेवून हलकं थोपटावं. पुष्कळदा ते पुन्हा शांत होतं.

झोप कधी घालायची हेही महत्त्वाचं. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि त्याने झोपेचा दाब वाढतो. तान्ह्या बाळात हा दाब फार लवकर भरतो. पहिल्या महिन्यात तासाभराच्या जागेपणानंतर बाळ पेंगू लागतं, तीन महिन्यांच्या आसपास दीड तास निभतो. घड्याळापेक्षा चेहरा बघावा हे मात्र मी ठासून सांगेन. नजर कुठेतरी हरवते, भुवयांची कातडी लालसर होते, खुळखुळ्याकडे बघायचं सोडून बाळ मान फिरवतं. तीच वेळ. किरकिर सुरू झाली म्हणजे आपल्याला थोडा उशीर झालेला असतो.

दिवसरात्रीचं घड्याळ बाळ सोबत घेऊन येत नाही. रात्रीच्या अंधारात स्रवणाऱ्या मेलाटोनिनची स्वतःची लय साधारण तिसऱ्या महिन्यात बसते. त्याआधी आईच्या रात्रीच्या दुधातून थोडं मेलाटोनिन मिळत असतं. २००४ साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात दिसलं की दुपारी जास्त उजेड मिळालेली बाळं रात्री चांगली झोपत होती. त्यामुळे या वयात दिवसाच्या झोपेसाठी खोली काळोखी करण्याची घाई नको.

आपल्याकडच्या न्हाणाचं तर काय सांगावं! तेल चोळून, ऊन ऊन पाण्याने न्हाऊ घालून, दुपट्यात घट्ट बांधलेलं बाळ दोन-दोन तास झोपतं. हातपाय ऊबदार असले की झोप लवकर लागते, हे मोठ्या माणसांत १९९९ साली प्रयोगाने दिसलं आहे. बाळाच्या बाबतीतही काहीसं तसंच होत असावं. दुपट्याचं कारण मात्र स्पष्ट आहे. आधार सुटल्यासारखं वाटलं की बाळ हात फाकून दचकतं. १९१८ साली अर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने वर्णन केलेली ही प्रतिक्षिप्त क्रिया चार ते सहा महिन्यांत मावळते. तोवर बांधलेले हात ती थोपवतात. पाय मात्र गुडघ्यात मोकळे वाकले पाहिजेत, ताणून सरळ बांधले तर खुब्याचा सांधा निखळू शकतो. आणि बाळ कूस वळवायला लागलं की बांधणं बंद.

न्हाणानंतरची धुरी मला मान्य नाही. वेखंड-ओव्याची असली तरी तो धूरच, आणि त्या इवल्या फुप्फुसांना तो त्रासच देतो. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशीही नको. बाळ उताणं, सपाट, कडक गादीवर, आजूबाजूला उशी-गोधडी काही नसताना झोपलेलं असावं. १९९० च्या दशकात अनेक देशांत बाळांना उताणं झोपवायचा प्रचार झाला आणि झोपेतले अकस्मात मृत्यू तिथे निम्म्याहून कमी झाले. आपली साडीची झोळी डुलते छान, पण तीत पाठ वाकते, जड डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनलिका दबू शकते. झोळीत डुलवा, पण समोरून हलू नका आणि झोप लागली की सपाट जागी ठेवा.

मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बाया बाळाला अफूची बाळगोळी देत असत. शंभर वर्षांपूर्वीची ती गोष्ट. त्या बायांकडे पाळणाघर नव्हतं, रजा नव्हती. आज कुणी गुंगी येते म्हणून बाळाला सर्दीचं औषध पाजतं, तेव्हा मला त्या गोळीचीच आठवण होते. कृपा करून असं करू नका.

एका दुपारी बहिणीने दिवाणखान्यात पाच मिनिटं फेऱ्या घातल्या, मग खुर्चीत बसली. समोरच्या घड्याळात मी आठ मिनिटं मोजली. ती उठली, छाती बाळाला टेकलेली ठेवूनच पाळण्यावर पार वाकली आणि बाळ गादीला टेकल्यावरही तशीच वाकून राहिली. मग अगदी सावकाश अंग काढून घेतलं, तळहात मात्र बाळाच्या पोटावर तसाच. हात फाकले नाहीत. बाळ पन्नास मिनिटं झोपलं, म्हणजे झोपेचं जेमतेम एक चक्र, कारण या वयात चक्र तेवढंच असतं. तेवढ्यात बहीण जेवली, डोक्यावरून पाणीही घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच सगळं करूनही बाळ पंधराव्या मिनिटाला उठलं. मग मी त्याला घेतलं आणि गॅलरीत फेऱ्या सुरू केल्या.