धुरकट काळी बिअर चाखण्यापूर्वी

पहिल्या घोटावरून या बिअरबद्दल मत बनवू नका. सुरुवातीला धुरापुढे दुसरं काही जाणवतच नाही. नाक सरावलं की धूर मागे सरतो आणि माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) गोडवा, चॉकलेट, मनुका हे सगळं कळू लागतं. म्हणून निदान १५० मिली बिअर वीसेक मिनिटं सावकाश घ्या, मग ठरवा.

धूर आणि काळा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोड आणलेली बार्ली लाकडाच्या धुरात वाळवली की ग्वायाकॉलसारखी फिनॉल (धुराचा वास देणारी रसायनं) दाण्यात मुरतात आणि पुढे बिअरमध्ये उतरतात. जर्मनीतल्या बाम्बर्गमध्ये यासाठी बीच नावाच्या झाडाचं लाकूड जाळण्याची परंपरा आहे. पीटचा (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या, मातीसारख्या इंधनाचा) धूर मातकट आणि औषधी असतो. व्हिस्कीत तो शोभतो, बिअरमध्ये जरा जास्त झाला तरी बाकीच्या चवी मारतो. काळा रंग मात्र कडक भाजलेल्या माल्टचा. इंग्लंडमध्ये १८१७ साली डॅनियल व्हीलर यांनी माल्ट भाजण्याच्या फिरत्या ड्रमचं पेटंट घेतलं आणि थोड्याशा काळ्या माल्टने अख्ख्या बिअरला रंग देणं सोपं झालं.

फरक स्वतः पडताळायचा असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. कॉफीसारखा कडवटपणा जिभेवर राहील, पण धूर जवळजवळ नाहीसा होईल. घोट गिळून नाक सोडलंत की धूर लगेच परत येईल.

बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा, म्हणजे यीस्टचा गाळ तळाशी बसेल. पिण्याआधी अर्धा तास फ्रिजबाहेर काढा. १० ते १३ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. फार थंड असेल तर वास दबतो आणि फक्त कडवटपणा पुढे येतो. ग्लास पोटाला रुंद, तोंडाला निमुळता घ्या आणि अर्धाच भरा. ओतल्यावर ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर तिथे तेलकटपणा किंवा साबण आहे, त्याने फेसही लवकर बसतो. बाटलीतली शेवटची बोटभर बिअर ओतू नका.

आधी फेस असतानाच दोन-तीन छोटे हुंगे घ्या. मग घोट तोंडात फिरवून गिळा आणि श्वास नाकाने सोडा, धुराचे बारकावे तिथेच सापडतात. आसपास सिगारेट, अत्तर नको. एकाच बैठकीत अनेक बिअर चाखणार असाल तर ही सर्वांत शेवटी. मध्ये साधं पाणी आणि बिनमसाल्याचा पाव पुरे.

धुराच्या आड दोष लपतात, म्हणून हे ओळखता आलं पाहिजे. मलमपट्टीसारखा वास म्हणजे धूर नव्हे. पाण्यातल्या किंवा निर्जंतुकीकरणाच्या क्लोरीनची फिनॉलशी गाठ पडली की क्लोरोफिनॉल तयार होतात आणि ती अत्यल्प प्रमाणातही जाणवतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बाटलीत ऑक्सिजन शिरलाय. सोया सॉससारखी चव बहुधा उष्णतेत फार दिवस राहिलेल्या बाटलीत येते, त्यामुळे साठवण थंड आणि अंधारात करा. व्हिनेगरसारखा आंबटपणा जंतुसंसर्गाचा. राखेसारखा कोरडा, घशाला ओरबाडणारा कडवटपणा काळ्या माल्टचा हात सैल सुटल्याने येतो, त्याला धुराचा जोर समजू नका.

यापैकी काही आढळल्यास उरलेली बिअर तशीच ठेवून, बूच लावून, बाटली आमच्याकडे आणा. लेबलवरचा बॅच क्रमांक पुसू नका. त्यावरून चूक कुठल्या टप्प्यावर झाली ते शोधता येतं.