आयात होणाऱ्या निट कपड्यांचे शुल्क-वर्गीकरण: आगाऊ निर्णयासाठी अर्ज कसा करावा

निट (धाग्याचे टाके एकमेकांत गुंफून केलेल्या) कापडाचा तयार कपडा आयात करताना त्याला सीमाशुल्काचा कोणता दर लागेल, हे विक्रेत्याने बिलावर घातलेल्या नावावरून नव्हे, तर कपड्याच्या घडणीवरून ठरते. त्यामुळे माल निघण्याआधीच आयात करणाऱ्या देशाच्या सीमाशुल्क प्रशासनाकडून वर्गीकरणाचा लेखी आगाऊ निर्णय मागून घेणे शहाणपणाचे असते. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ रोजी अमलात आला. त्याच्या अनुच्छेद ३ मध्ये या निर्णयाची तरतूद आहे.

आयातदार, निर्यातदार किंवा सबळ कारण असलेली अन्य कोणतीही व्यक्ती स्वतः अथवा प्रतिनिधीमार्फत अर्ज करू शकते; मात्र अर्जदाराची आयात करणाऱ्या देशात नोंदणी असावी, अशी अट सदस्य देशाला घालता येते. तोच प्रश्न अर्जदाराच्याच प्रकरणात एखाद्या सरकारी यंत्रणेपुढे किंवा न्यायालयात प्रलंबित असेल, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो, पण नकाराची कारणे लेखी कळवावी लागतात. अर्जाचा नमुना, निर्णयाची मुदत आणि वैधतेचा काळ देशागणिक वेगळा असतो व तो त्या देशाने प्रसिद्ध केलेला असतो.

अर्जाचा खरा कस लागतो तो कपड्याच्या वर्णनात. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या एचएस प्रणालीत, म्हणजे मालाच्या सांकेतिक क्रमांकांनुसार वर्गीकरणात, निट आणि क्रोशाचे कपडे प्रकरण ६१ मध्ये येतात, तर मागावर विणलेल्या कापडाचे कपडे प्रकरण ६२ मध्ये. ब्रेसियर मात्र निट असली तरी ६२१२ या चार अंकी शीर्षकातच जाते. प्रकरण ६१ मध्ये पुरुषांचे शर्ट ६१०५, स्त्रियांचे ब्लाउज व शर्ट ६१०६, टी-शर्ट ६१०९ आणि स्वेटर, पुलओव्हर, कार्डिगन ६११० या शीर्षकाखाली येतात.

समजा, कॉलर आणि छातीपर्यंत बटणपट्टी असलेला पुरुषांचा अर्ध्या बाह्यांचा कपडा आहे. बाजारात त्याला सर्रास टी-शर्ट म्हणतात, पण कॉलर आणि बटणांमुळे तो ६१०९ मध्ये बसत नाही, म्हणून प्रथम ६१०५ कडे पाहावे लागते. त्यानंतर कापड सपाट पसरून, न ताणता, किमान १० सेंमी × १० सेंमी भागातील टाके भिंगाखाली आडवे आणि उभे मोजावेत. दोन्ही दिशांना सरासरी दर सेंटिमीटरला १० पेक्षा कमी टाके भरले, तर तो कपडा ६१०५ मधून बाद होतो. कमरेखाली खिसा असेल किंवा खालच्या काठाला आवळणारी रिबची पट्टी असेल, तरीही तो तिथे राहत नाही. एवढ्याशा पट्टीने शीर्षक बदलते, आणि फोटोत नेमका तोच काठ घडीखाली दडलेला असतो. म्हणून कपडा पूर्ण उलगडून पुढून, मागून आणि आतून फोटो घ्यावेत.

धाग्यांचे प्रमाण वजनावरून धरतात. ४० टक्के कापूस, ३५ टक्के पॉलिएस्टर आणि २५ टक्के व्हिस्कोस असलेला पुलओव्हर कापसाचा ठरत नाही. पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस हे दोन्ही मानवनिर्मित तंतू एकत्र धरले की त्यांचे प्रमाण ६० टक्के भरते आणि उपशीर्षक ६११०.३० लागते. हे गणित लेबलाच्या भरवशावर सोडू नये, प्रयोगशाळेचा अहवाल जोडावा.

पुढून उघडणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर कपडा पुरुषांचा, उलट असेल तर स्त्रियांचा समजला जातो. कपड्याची कापणीच वेगळे स्पष्ट सांगत असेल तर हा नियम लागत नाही. ८६ सेंमीपर्यंत उंचीच्या बाळांच्या कपड्यांसाठी ६१११ हे शीर्षक असल्याने त्यांच्या अर्जासोबत मापांचा तक्ता द्यावा.

अर्जासोबत कपड्याचा प्रत्यक्ष नमुना, फोटो, धाग्यांच्या प्रमाणाचा अहवाल, टाक्यांची मोजणी, कापडावर लेप असल्यास त्याचा तपशील आणि प्रतिनिधी असल्यास त्याचे अधिकारपत्र जोडावे. आपल्या मते कोणते शीर्षक लागते आणि का, हेही लिहावे. विरोधात जाणारा तपशील लपवू नये, कारण अपुऱ्या, चुकीच्या किंवा दिशाभूल करणाऱ्या माहितीवर मिळवलेला निर्णय पूर्वलक्षी प्रभावानेही रद्द होऊ शकतो.

निर्णय अर्जदाराच्या बाबतीत प्रशासनावर बंधनकारक असतो आणि तो पटला नाही तर लेखी फेरविचार मागता येतो. मात्र तो वर्णन केलेल्या कपड्यापुरताच असतो. पुढच्या हंगामात कारखान्याने धाग्याचे मिश्रण बदलले किंवा खालच्या काठाला रिब लावली, तर नवा अर्ज करावा.