पुट्टीखालचा गंज

पन्नास-साठ वर्षं वयाची एखादी मोटार समोर उभी आहे. नुकतीच रंगवलेली, आरशासारखी चकचकीत. मऊ फडक्यात गुंडाळलेला लहानसा चुंबक घ्यायचा आणि मागच्या चाकाच्या कमानीभोवती हळूहळू फिरवायचा. वरच्या भागात तो पत्र्याला घट्ट धरून राहतो. कडेजवळ आला की पकड सैल होते, आणि एका जागी तो चक्क खाली पडतो. डोळ्यांना तिथे काहीही वेगळं दिसत नाही. पण रंगाखाली पत्रा उरलेला नाही, किंवा असला तरी पुट्टीच्या जाड थराखाली दबलेला आहे. चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होते, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरचा फरकही हाताला कळतो.

हेच काम आकड्यांत करणारी छोटी यंत्रंही मिळतात. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वरून पुन्हा रंग मारला असेल तर ती दुपटीवर जाते. यंत्राने हजाराच्या पुढचा आकडा दाखवला, तर तिथे पुट्टी भरलेली आहे असं खुशाल समजावं.

गंज आणि आधी कुणीतरी केलेली वाईट डागडुजी या जुन्या गाडीच्या दोन वेगवेगळ्या कटकटी वाटतात. माझ्या मते बहुतेक वेळा ती एकच कटकट असते. गंज झाकण्यासाठी जे केलं गेलं, त्यानेच गंजाला पोसलेलं असतं. असं का होतं ते समजायला पाण्याचा एक थेंब पुरतो.

केंब्रिजमधले रसायनशास्त्रज्ञ उलिक रिचर्डसन एव्हान्स यांनी १९२०च्या दशकात गंजाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रयोग आजही शिकवला जातो. घासून लखलखीत केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात दोन रसायनं मिसळलेली असतात: लोखंड विरघळू लागलं की एक निळं होतं, आणि ऑक्सिजन वापरला जाऊन अल्कली तयार झाली की दुसरं गुलाबी होतं. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी होते, मधला भाग निळा होतो, आणि दोन्हींच्या मध्ये तांबूस गंजाचं कडं उमटतं.

कडेला पाणी उथळ असतं, म्हणून तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मधोमध पाणी खोल असल्यामुळे ऑक्सिजन कमी पडतो. मग जिथे ऑक्सिजन भरपूर तिथेच लोखंड जास्त खाल्लं जायला हवं, असं आपल्याला वाटतं. होतं नेमकं उलट. लोखंडाचे अणू थेंबाच्या मध्यातून पाण्यात उतरतात आणि प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन धातूतच सोडून जातो. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच वाहत कडेपर्यंत जातात आणि तिथला ऑक्सिजन त्यांना उचलतो. एवढ्याशा थेंबाखाली एक बॅटरी चालू असते. ऑक्सिजनचा पुरवठा एकीकडे आणि खड्डा दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे. मीठ असलं की पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि बॅटरी जोरात चालते. म्हणूनच बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेल्या गाड्या इतक्या लवकर पोखरल्या जातात.

आता थेंबाच्या जागी एक दुरुस्ती डोळ्यांसमोर आणा. चाकाच्या कमानीला भोक पडलं होतं. कुणीतरी त्यावर पत्र्याचं ठिगळ ठेवलं, चार रिव्हेट मारले, वरून पुट्टी ओढली आणि रंग दिला. ठिगळ आणि मूळ पत्रा यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली. चाकाने उडवलेलं पाणी त्या फटीत ओढलं जातं आणि तिथून लवकर सुकत नाही. फटीच्या तोंडाशी हवा आहे, आत नाही. थेंबाचा मध्य आणि थेंबाची कड अशी दोन्ही ठिकाणं त्या कारागिराने आयती तयार करून दिली. दोन वर्षांनी भोक ठिगळाहून मोठं झालेलं असतं.

फायबरग्लासचं कापड थेट गंजावर चिकटवणं, भोकात तारेची जाळी किंवा कागदाचे बोळे कोंबून त्यावर पुट्टी भरणं, गाडीच्या पोटाला डांबरासारखा जाड लेप देणं, या सगळ्यांची गत तीच. त्या लेपाबद्दल मला विशेष वाईट वाटतं, कारण तो बहुधा गाडीवरच्या प्रेमापोटी दिलेला असतो. काही वर्षांनी लेप कडक होतो, त्याला चिरा जातात, पाणी आत शिरतं आणि आतच राहतं. बाहेरून काळाभोर, धडधाकट दिसणाऱ्या त्या थराला स्क्रूड्रायव्हर टोचला की गंजाच्या पोपड्यांसकट तो हातात येतो.

पुट्टीलाही उगाच बदनाम करू नये. रंगारी तिला लांबी म्हणतात. गाडीवर वापरली जाणारी पुट्टी म्हणजे पॉलिएस्टर रेझिनमध्ये शंखजिऱ्याची पूड कालवून केलेला लगदा. बेंझॉइल पेरॉक्साइड असलेला हार्डनर थोडासा मिसळला की काही मिनिटांत तो घट्ट होतो. स्वच्छ, धडधाकट पत्र्यावर दोन-एक मिलिमीटरच्या आत दिलेली पुट्टी अनेक वर्षं टिकते. पण ती काही प्रमाणात पाणी शोषते, आणि ऊन-थंडीत पत्र्यापेक्षा जास्त फुगते-आकसते. भोक बुजवायला बोटभर जाड थर दिला की कडा सुटतात आणि मागून शिरलेलं पाणी ती ओल्या फडक्यासारखी पत्र्याला लावून धरते. खोलगट भाग समतल करणं एवढंच तिचं काम. पत्र्याची जागा ती घेऊ शकत नाही.

पॉलिएस्टरची पुट्टी १९५०च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आली. त्याआधी हे काम शिशाने होई. कथील ३० टक्के आणि शिसं ७० टक्के अशा मिश्रधातूची गंमत अशी की तो एकाच तापमानाला वितळत नाही. १८३ अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागतो आणि पूर्ण पातळ व्हायला साधारण २५५ अंश लागतात. या दोन तापमानांच्या मध्ये तो लोण्यासारखा असतो आणि लाकडी पट्टीने हवा तसा पसरवता येतो. अनेक जुन्या गाड्यांत कारखान्यातच छप्पर आणि खांबांचे सांधे असे भरलेले असत. त्यामुळे रंग खरवडताना शिसं दिसलं म्हणजे अपघात लपवलेला आहे असं लगेच ठरवू नये. एक खोड मात्र शिशाच्या कामातही असते. पत्र्याला कथील धरावं म्हणून लावलेला आम्लयुक्त फ्लक्स नीट धुतला नसेल, तर त्यातले क्लोराइड शिशाखाली राहतात आणि कितीतरी वर्षांनी रंगावर फोड येतात. आणि शिसं कानसनेच घासायचं, पॉलिश पेपरने नाही. त्याची बारीक पूड फुफ्फुसात जाणं घातक आहे.

रंगावरच्या त्या फोडांकडे बारकाईने पाहावं. गंज त्याच्या मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो. गंजाच्या प्रकारानुसार हे प्रमाण दुपटीपासून सहापटीपर्यंत जातं. अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड धातूला घट्ट चिकटून बसतं आणि खालच्या धातूचं रक्षण करतं. लोखंडाचं ऑक्साइड मावत नाही म्हणून सुटतं आणि नवा पत्रा उघडा पाडतं. स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या दोन पत्र्यांमध्ये गंज धरला तर तो पत्रे पाचरीसारखे एकमेकांपासून फाकवतो, टाके तटातट तुटतात. फोड शेंगदाण्याएवढा दिसला तर त्याखालची जखम तळहाताएवढी निघणं मुळीच आश्चर्याचं नाही, कारण बहुतेकदा गंज आतल्या बाजूने सुरू झालेला असतो. बाहेर दिसतो तो त्याच्या प्रवासाचा शेवट.

आतून का? त्या काळी प्रायमर पिचकारीने मारला जाई, आणि पिचकारी पोचेल तिथपर्यंतच तो लागे. दारांखालच्या पेट्या, खांब, आडव्या तुळया यांच्या आतला पत्रा बऱ्याचदा जवळजवळ उघडाच असे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची बॉडी नंतर आली. पोर्शने आपल्या ९११ गाडीसाठी तो १९७६च्या मॉडेलपासून वापरला. रात्री पत्रा थंड झाला की बंद पेटीतल्या हवेतलं बाष्प आतल्या भिंतींवर दवासारखं जमतं. पाणी निघून जायला खाली ठेवलेली भोकं चिखलाने बुजलेली असली की ते तिथेच मुरतं. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग झपाट्याने वाढतो, आणि या पेट्या तर महिनोन्‌महिने त्याच्या वरच असतात.

हे निव्वळ दिसण्यापुरतं नाही. १९२२ची लान्सिया लॅम्डा आणि १९३४ची सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हां यांच्यापासून स्वतंत्र चासीऐवजी, म्हणजे खालच्या वेगळ्या सांगाड्याऐवजी, बॉडीनेच भार पेलायची पद्धत रुजत गेली. अशा गाडीत दारांखालची पेटी म्हणजे घराची तुळई. ती पोकळ झाली की गाडी मधोमध खचते. दार उघडल्यावर नीट लागत नसेल, दाराच्या फटी वरून अरुंद आणि खालून रुंद झालेल्या असतील, तर बिजागरी ताणत बसू नका. आधी खाली वाकून पेटी टोचून पाहा.

म्हणूनच कापाकापीला हात घालण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या-तिरक्या जोडून आकार पक्का बांधून घेतात. गाडी सपाट आणि भक्कम आधारावर हवी. फटींची मापं लिहून ठेवलेली हवीत. हे न करता सडलेली पेटी कापली, तर बॉडी ज्या वाकड्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत नवी पेटी तिला कायमची जखडून टाकते. अशी गाडी पुन्हा सरळ करणं हे मूळच्या गंजापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

मग कापायचं. किती? चमकणारा, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत. इथे हात आखडतो, कारण भोक मोठं होताना पाहवत नाही. पण पातळ झालेल्या पत्र्याला वेल्डिंगची ज्योत लागताच तो जळून जातो आणि शेवटी तेवढंच कापावं लागतं. पुठ्ठ्याचा नमुना करून नवा तुकडा कापतात आणि कडेला कड भिडवून बसवतात. एकावर एक चढवून नाही, कारण तशाने पुन्हा ती फट आलीच.

वेल्डिंगमध्ये खरी परीक्षा उष्णतेची. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश प्रसरण पावतं. वीस सेंटिमीटरची पट्टी ६०० अंशांनी तापली तर ती जवळपास दीड मिलिमीटर वाढायला बघते. भोवतालचा थंड पत्रा तिला वाढू देत नाही, म्हणून मऊ झालेला धातू तिथल्या तिथे दबून जाड होतो. निवताना मात्र तो मनसोक्त आकसतो, आणि आजूबाजूचा पत्रा ओढून त्याला लाटा पाडतो. एका दमात सलग वेल्डिंग मारलेलं पॅनेल पापडासारखं वेडंवाकडं होतं ते यामुळे, आणि मग त्या लाटा बुजवायला पुन्हा पुट्टीचे थर चढतात. जाणता कारागीर एक टाका इथे, पुढचा वीतभर अंतरावर, असे लांबलांब टाके घालतो, मध्ये निवू देतो, आणि मग त्यांच्यामधल्या जागा हळूहळू भरत आणतो. त्यानंतर मागून डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, धरून पुढून हातोडीने सांधा ठोकायचा. आकसलेला धातू त्याने पुन्हा ताणला जातो. माझ्या लेखी सगळ्या दुरुस्तीतलं सर्वांत सुंदर काम हेच. हातोडीचा आवाज बदलतो, आणि पॅनेल सपाट होत असल्याचं डोळ्यांच्या आधी कानांना कळतं.

पत्रा शाबूत आहे, फक्त वरून खड्डे पडलेत, तिथे रसायनं उपयोगी पडतात. फॉस्फोरिक आम्ल गंजाचं लोहफॉस्फेट करतं. टॅनिक आम्ल त्याचं निळसर काळं लोहटॅनेट करतं. जुन्या हस्तलिखितांतल्या काळ्या शाईचं रसायनही हेच. पण ही द्रावणं वरच्या थरापुरतीच पोचतात. पोपडे तसेच ठेवून त्यावर ओतली, तर खालच्या गंजाला त्याची गंधवार्ताही लागत नाही. सुटे करता येतील ते भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, भागाला बॅटरी चार्जरचं ऋण टोक आणि भंगार लोखंडाच्या तुकड्याला धन टोक जोडलं, तर गंज सुटतो आणि चांगला धातू तसाच राहतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हायड्रोजन वायू निघतो म्हणून हे काम उघड्यावर करा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी लगेच वेल्डिंग करणंही तितकंच धोक्याचं, कारण उष्णतेने त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू बनू शकतो.

सांध्यांच्या आत जस्ताचा प्रायमर लावतात. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून आधी ते झिजतं. ही युक्ती जुनी आहे. १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा तळ वाचवण्यासाठी जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले होते. तिथे तांब्यासाठी झिजायची पाळी लोखंडावर आली होती. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, मग पातळ पुट्टी, मग रंग असा क्रम पुढे चालतो.

रंग पूर्ण सुकला की शेवटी पेट्यांच्या आत मेण. बारीक छिद्रं असलेली लांब नळी आत सारायची आणि मागे ओढत ओढत फवारायची. पातळ मेण पत्र्यांच्या फटींत ओढलं जातं, जिथे आजवर पाणी ओढलं जात होतं तिथेच. खालच्या भोकांतून ते ठिबकू लागलं की फवारा थांबवायचा, आणि ठिबकणं थांबलं की एक तार घेऊन प्रत्येक भोक पुन्हा मोकळं करायचं.