डेटाबेसची हद्द कर्नल आखतो तेव्हा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या फाउंड्रीचा, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा सर्व्हर घ्या. कास्टिंगच्या ऑर्डरी, येणी-देणी आणि कामगारांची हजेरी मायएसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये आहे. डिस्क भरत आली म्हणून डेटा नव्या डिस्कवर कॉपी केला जातो, कॉन्फिगरेशनमध्ये नवा पत्ता लिहिला जातो, फायलींची मालकीही तपासली जाते, आणि तरीही डेटाबेस सुरू होत नाही. लॉगमध्ये १३ क्रमांकाची एरर येते: परवानगी नाकारली. वैतागून सगळ्यांना सगळे खुले करणारी ७७७ ची परवानगी दिली, तरी उत्तर तेच.

याचे कारण असे की अशा सर्व्हरवर लिनक्स परवानगी दोनदा तपासतो. फाइल कोणाची आणि मालकाने इतरांना काय करू दिले आहे, ही तपासणी नेहमीची. दुसरी एसईलिनक्सची. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने २००० साली खुली केलेली ही व्यवस्था २००३ मध्ये मुख्य लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, दाखल झाली. अँड्रॉइड फोनमध्येही आज तीच पहाऱ्यावर आहे. इथे मालकाच्या मर्जीने काही ठरत नाही. प्रत्येक प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रॅमला) आणि प्रत्येक फायलीला एक लेबल असते, आणि या लेबलच्या प्रोसेसने त्या लेबलच्या फायलीला हात लावावा असे पॉलिसीत, म्हणजे नियमांच्या संचात, लिहिलेले नसेल, तर मागणारा रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, असला तरी कर्नल नकार देतो.

मायएसक्यूएलची प्रोसेस ‘मायएसक्यूएलडी_टी’ या लेबलखाली चालते आणि तिच्या डेटा फायलींचे लेबल ‘मायएसक्यूएलडी_डीबी_टी’ असते. साध्या कॉपीने नेलेल्या फायलींना मात्र नव्या डिरेक्टरीचे लेबल लागते. म्हणजे पॉलिसी बरोबर आहे, लेबल चुकले आहे. ऑडिट लॉगमधली नकाराची नोंद वाचली की हे कळते: मागणाऱ्याचे लेबल, मागितलेली कृती आणि ज्यावर ती करायची त्या वस्तूचे लेबल, हे तिन्ही तिथे एकाच ओळीत असते. दुरुस्ती दोन टप्प्यांची आहे. ‘सेमॅनेज’ या आदेशाने नव्या पत्त्यासाठी लेबलचा नियम नोंदवायचा आणि ‘रिस्टोअरकॉन’ने तो फायलींवर प्रत्यक्ष लावायचा. दुसरा टप्पा हमखास राहून जातो. ‘सीएचकॉन’नेही लेबल बदलते, पण पुढे कधी सगळ्या फायलींची लेबले नव्याने लावली की तो बदल पुसला जातो. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या ३३०६ ऐवजी वेगळा पोर्ट (नेटवर्कवरून जोडणी घेण्याचा क्रमांक) वापरायचा असेल, तर त्यालाही लेबल लागते.

‘ऑडिट२अलाउ’ हे साधन लॉगमधल्या नकारांवरून परवानगीचे नियम आपोआप बनवून देते. सोयीचे आहे, पण न वाचता लावल्यास तेवढेच घातकही आहे, कारण चुकीच्या लेबलवरून बनलेला नियम डेटाबेसला भलत्याच फायलींचे दार कायमचे उघडून देतो. संपूर्ण एसईलिनक्स बंद करणे तर त्याहून वाईट. तपासापुरती ढिलाई हवीच असेल, तर केवळ मायएसक्यूएलच्या प्रोसेसला परमिसिव्ह करता येते: तिला अडवले जात नाही, पण जिथे अडवले गेले असते त्याची नोंद होत राहते.

या पहाऱ्याला मर्यादाही आहे. वेब अ‍ॅप्लिकेशनमधील त्रुटीमुळे कोणी हजेरीच्या नोंदी पुसण्याचा आदेश डेटाबेसपर्यंत पोहोचवला, तर एसईलिनक्स तो थांबवत नाही, कारण स्वतःच्या फायली बदलण्याची मुभा डेटाबेसला असतेच. त्याच वाटेने डेटाबेसवर ताबा मिळवून सर्व्हरवरच्या पासवर्डच्या फायलीकडे वळण्याचा प्रयत्न झाला, तर तिथे मात्र कर्नल आडवा येतो.