मिनिटाला सहा श्वास

२१ जूनचा योगदिन जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दावे हमखास फिरू लागतात. योगासनं केली की चालण्या-पळण्याची गरज उरत नाही, हा एक. प्राणायामाने रक्तात भरपूर प्राणवायू जातो, हा दुसरा. दुसऱ्याचा निकाल चटकन लावता येतो. निरोगी माणूस नुसता बसलेला असला, तरी त्याच्या धमन्यांतलं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन, प्राणवायूने ९५ टक्क्यांहून जास्त भरलेलंच असतं. आणखी भरणार कुठे? उलट जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. त्याला कुणी ‘ऊर्जा जागृत झाली’ म्हणत असेल, तर म्हणो बापडा.

पहिल्या दाव्यासाठी आकडे पाहावे लागतात. स्वस्थ बसल्यावर जेवढी ऊर्जा खर्च होते ती १ मेट. नेहमीची हठयोगातली आसनं २.५ मेटच्या आसपास येतात, झपझप चालणं ४ च्या मागेपुढे, पळणं ८ च्या वर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते आणि मध्यम म्हणजे ३ मेटपासून पुढे. भराभर घातलेले सूर्यनमस्कार तिथे पोचतात, पश्चिमोत्तानासन नाही.

मग योगात वेगळं काय? लवचीकपणा, तोल हे आहेच. पण मला खरी गंमत वाटते ती संथ श्वासाची.

मानेतल्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत रक्तदाब ओळखणारे संवेदक असतात. दाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते, मेंदूच्या तळाशी संदेश जातो आणि व्हेगस या चेतातंतूमार्फत हृदयाला ‘हळू’ असा हुकूम सुटतो. दाब उतरला की उलटं. हृदय हुकूम लगेच पाळतं, रक्तवाहिन्यांना मात्र सैल किंवा घट्ट व्हायला काही सेकंद लागतात. या उशिरामुळे दाब एका जागी ठरत नाही. तो साधारण १० सेकंदांच्या लयीत वर-खाली होत राहतो.

दुसरी लय श्वासाची. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मनगटावर बोट ठेवून पाहा. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, म्हणजे एक आवर्तन ३ ते ५ सेकंदांचं. या दोन लयी जुळत नाहीत. श्वास मिनिटाला ६ वर आणला की त्याचंही आवर्तन १० सेकंदांचं होतं आणि झोक्याला त्याच्याच लयीत धक्का द्यावा तसा ठोक्यांचा चढउतार वाढत जातो. भौतिकशास्त्रातला रेझोनन्स तो हाच. दाबातल्या लहानशा फरकालाही मग हृदय अधिक ठळक उत्तर देतं.

२००१ साली इटलीच्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं, की ‘ॐ मणिपद्मे हूं’ हा बौद्ध मंत्र आणि लॅटिनमधली ‘आवे मारिया’ ही ख्रिस्ती प्रार्थना या दोन्हींच्या जपात श्वास मिनिटाला ६ च्या जवळ येतो आणि परिणामही सारखाच होतो. तेव्हा मंत्राच्या अक्षरांत शक्ती शोधणाऱ्यांनी आधी घड्याळ पाहावं.

योगाला मोजमाप लावणं आपल्याकडे नवं नाही. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची हठयोगातली क्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब मोजला होता. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला.

नियमित पळणाऱ्याचीही विश्रांतीतली नाडी मंदावते, त्यात व्हेगसचा वाटा असतोच. उलट दिशेने मात्र हे चालत नाही. संथ श्वासाने मांडीच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतली ऊर्जाकेंद्रं, वाढत नाहीत आणि जेवणानंतरची साखर भराभर ओढून घेतात ते राबणारे स्नायू. मधुमेह्यांनी अनुलोम-विलोम जरूर करावा, पण सकाळचा फेरफटका आटोपल्यावर.