उच्चबल मिश्रपोलाद

कार्बनाखेरीज निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम यांसारखी मूलद्रव्ये मिसळून व उष्णता संस्करण करून बल वाढवलेले पोलाद. बांधकामातले साधे पोलाद सुमारे ४१० मेगापास्कल (ताण मोजायचे एकक) ताणाला तुटते. संस्कारित ईएन २४ हे (अशा मिश्रपोलादाचा एक प्रचलित प्रकार) ८५० ते १,००० मेगापास्कल पेलते. त्यात सुमारे ०.४ टक्के कार्बन, दीड टक्का निकेल, सव्वा टक्का क्रोमियम आणि पाव टक्का मॉलिब्डेनम असते. निकेल चिवटपणा देते. क्रोमियम व मॉलिब्डेनममुळे जाड गजाच्या गाभ्यापर्यंत काठिण्य पोचते.

मात्र नरम अवस्थेत विकत आणलेल्या गजात हे बल नसते. लोहार ज्याला 'पाणी देणे' म्हणतात ते इथे तेलाने होते. गज ८२० ते ८५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलात बुडवतात; पाण्यात बुडवला तर तडकण्याचा धोका असतो. मग तो पुन्हा साधारण ५५० ते ६५० अंशांपर्यंत तापवतात. हे दुसरे तापवणे २५० ते ३७५ अंशांवर थांबवणे टाळावेच लागते, कारण तिथे पोलाद ठिसूळ होते.

गिअर, आस, क्रँकशाफ्ट, जास्त ताणाचे बोल्ट हे याचे नेहमीचे उपयोग. सोलापूरकरांच्या रोजच्या पाहण्यातले उदाहरण म्हणजे हंगामात कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली. तिचे कमानपाटे सिलिकॉन-मँगनीजयुक्त स्प्रिंग पोलादाचे असतात. खड्ड्यागणिक ते लवतात आणि परत सरळ होतात. असा पाटा किंवा आस वारंवारच्या ताणाने शिणून तुटली तर तुटलेला भाग निरखून पाहावा: एका कडेपासून शिंपल्यावरच्यासारख्या रेघा पसरलेल्या दिसतात आणि उरलेला भाग खरबरीत असतो. रेघा म्हणजे हळूहळू सरकत गेलेली चीर, खरबरीत भाग म्हणजे शेवटचा झटका. आसात चीर बहुधा व्यास बदलतो तिथल्या पायरीच्या धारदार कोपऱ्यातून किंवा चाक पक्के करणाऱ्या चावीच्या खाचेतून सुरू होते. म्हणून लेथवर तो कोपरा गोलसर ठेवणे महागडा गज आणण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

एक गैरसमज वर्कशॉपमध्ये वारंवार भेटतो. यंत्रमागाचा शाफ्ट चालताना लवत असेल तर मिश्रपोलाद बसवून ते लवणे कमी होत नाही. साध्या व मिश्र दोन्ही पोलादांचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे लवण्याला होणाऱ्या विरोधाचे माप, जवळपास सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल असतो. तिथे व्यास वाढवावा लागतो. तो दुप्पट केला की लवणे सोळाव्या हिश्श्यावर येते.

वेल्डिंगला हे पोलाद नाजूक आहे. जोड आधी २०० ते ३०० अंशांपर्यंत तापवून, भट्टीत वाळवलेले कमी हायड्रोजनचे रॉड वापरून मारावा आणि सावकाश थंड होऊ द्यावा. रस्त्याकडेला घाईने मारलेला जोड त्या वेळी धड दिसतो. हायड्रोजनामुळे पडणारी चीर कित्येक तासांनी उघडते, तेव्हा ट्रॉली भरून रस्त्यावर असते.